श्रावणातली उचल, कार्तिकातली वेचणी : राजीखुशीने झालेला व्यवहार शोषण ठरतो का?

तापीकाठ (चोपडा तालुका) – प्रश्न

माझी चोपडा तालुक्यात थोडी बागायत जमीन आहे. काही भाग केळीखाली आणि उरलेला कापसाखाली असतो. कायमचा सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) एकच असून त्याचे साल आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते. त्याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती कापसाच्या वेचणीबद्दल.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून काही कुटुंबे दर वर्षी आमच्या शिवारात वेचणीला येतात. श्रावण-भाद्रपदात त्यांच्या घरातले धान्य संपत आलेले असते, निंदणी आटोपल्यामुळे गावात काम राहिलेले नसते, आणि अशा वेळी कर्ता पुरुष येऊन उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, मागतो. मी ती देतो. अट अशी असते की दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागली म्हणजे ते कुटुंब प्रथम माझ्या शेतात येईल आणि उचल फिटेपर्यंत चालू दरापेक्षा कमी दराने वेचील. उदाहरणापुरते आकडे धरायचे तर उचल १०,००० रुपये, वेचणीचा चालू दर किलोला १० रुपये आणि माझा दर ७ रुपये. रक्कम फिटली की पुढची वेचणी चालू दराने.

घरातल्या शिकलेल्या मुलांच्या मते हे शोषण आहे. मला ते पटत नाही. मी कोणाच्या दारी जाऊन उचल घ्या म्हणत नाही. माणूस आपणहून येतो, अट ऐकतो आणि होकार देतो. त्याचा फायदाही होतो, कारण मी नाही म्हटले तर त्याला सावकाराकडे जावे लागेल किंवा ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाची उचल घेऊन सहा महिने बायकामुलांसह दक्षिण गुजरातेत ऊस तोडावा लागेल. शिवाय माझा बांधाशेजारचा शेतकरी एक रुपयाही उचल देत नाही, वेचणीच्या वेळी मात्र पूर्ण दर देतो, आणि गाव त्याला सरळ माणूस म्हणते. उद्या मीही उचल बंद केली तर माझ्यावरचा आरोप संपेल आणि त्या घरांची भाद्रपदातली चूल अडचणीत येईल. ज्या व्यवहाराने समोरच्याचे थोडे तरी बरे होते, तो व्यवहार काहीच न करण्यापेक्षा वाईट कसा ठरू शकतो? मला मत नको आहे, कारण हवे आहे.

हिशेबनीस (धुळे)

कारणाआधी आपलाच हिशेब मांडून पाहू, कारण आपण दोन व्यवहार एकात गुंडाळलेले आहेत आणि गुंडाळल्यामुळे दोन्हींचे भाव दिसेनासे झाले आहेत. एक व्यवहार कर्जाचा आणि दुसरा मजुरीचा.

किलोला ७ रुपये दराने १०,००० रुपये फेडायला सुमारे १,४३० किलो कापूस वेचावा लागतो. तोच कापूस चालू दराने वेचला असता तर मजुरी सुमारे १४,३०० रुपये झाली असती. म्हणजे श्रावणात दिलेल्या दहा हजारांवर कार्तिकापर्यंत, साधारण तीन महिन्यांत, ४,३०० रुपये सुटतात. गावातला दरमहा शेकडा पाचाने देणारा सावकार तेवढ्याच काळाचे १,५०० रुपये घेईल. आपण ज्या सावकारापासून त्या माणसाला वाचवतो असे म्हणता, त्याच्या जवळजवळ तिप्पट व्याज आपल्या व्यवहारात पडते. फक्त ते व्याज या नावाने वहीत येत नाही.

यावर आपण म्हणाल की जोखीम असते : एखादे कुटुंब येत नाही, कोणी आजारी पडते, अवकाळी पावसाने कापूस भिजतो. जोखीम खरीच आहे. पण पाऊस पडला तर पीक आपले जाते आणि बोंडअळी आली तरी आपलेच जाते. त्या जोखमीचा भार वेचणाऱ्याच्या दरावर टाकायचे कारण नाही. उरते ती उचल बुडण्याची जोखीम. इतक्या वर्षांत किती रक्कम खरोखर बुडाली हे आपल्या वहीत पाहा आणि ४,३०० शी ताडून पाहा. माझा अंदाज असा की बुडालेली रक्कम फारच कमी निघेल, कारण जी कुटुंबे दर वर्षी येतात ती पुढच्या श्रावणात पुन्हा आपल्याच दारी यायची असतात, आणि हे त्यांना पक्के ठाऊक असते.

शहादा परिसर

हिशेब वर आलाच आहे, म्हणून कायद्याच्या अंगाने लिहितो. आपला प्रश्न कायद्याला अनोळखी नाही.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यातल्या सोळाव्या कलमाखाली, अनुचित प्रभाव म्हणजे काय हे सांगताना, दोन उदाहरणे लागोपाठ दिलेली आहेत. पहिल्यात गावच्या सावकाराचा आधीच देणेकरी असलेला माणूस त्याच्याचकडून नवे कर्ज घेतो आणि त्याच्या अटी वरकरणीच अन्याय्य दिसतात; तेथे प्रभाव टाकला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर येते. दुसऱ्यात बाजारात पैशाची टंचाई असताना एक जण बँकवाल्याकडे कर्ज मागतो, तो नेहमीपेक्षा फार चढे व्याज सांगतो आणि मागणारा ते मान्य करतो. हा मात्र धंद्यातला नेहमीचा व्यवहार मानला आहे. गरज दोघांनाही आहे आणि होकार दोघांनीही दिला आहे. फरक असा की पहिल्या माणसाला नकार द्यायला जागा नाही आणि समोरच्याला ते माहीत आहे. आपली उचल या दोहोंपैकी कोणत्या उदाहरणाजवळ बसते, हे आपणच ठरवा. एकच घर वर्षानुवर्षे येत असेल आणि मागची बाकी पुढे ओढली जात असेल, तर ती पहिल्याजवळ बसते असे मला वाटते.

दुसरी गोष्ट थोडी जास्त गंभीर आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात साखळदंड किंवा मारहाण लागत नाही. उचलीच्या बदल्यात विनामजुरी किंवा नाममात्र मजुरीवर काम करणे, अथवा दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे, एवढे त्याला पुरते. किमान वेतन ठरलेले असेल तर त्याहून कमी, आणि ठरलेले नसेल तर त्या भागात तशाच कामाला सर्वसाधारणपणे मिळते त्याहून कमी, अशी नाममात्र मजुरीची व्याख्या त्यात आहे. दिवसाला ४० किलो वेचणाऱ्या बाईला ७ रुपयांनी २८० रुपये पडतात. हा आकडा सरकारने शेतमजुरीसाठी जाहीर केलेल्या किमान वेतनाशी लावून पाहावा. आणि आधी माझ्याच शेतात यायचे ही अटही या कायद्याच्या उजेडात तपासून पाहावी.

संमतीचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाचा अर्थ लावताना सांगितले की दुसरा पर्याय न ठेवणारी आर्थिक परिस्थिती हीसुद्धा सक्तीच होय आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम सक्तीच्या श्रमात मोडते. काहीच न करण्यापेक्षा हे बरे, या आपल्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर त्याच्या पुढच्याच वर्षी आले. राजस्थानात दुष्काळी कामांवर सरकार किमान वेतनापेक्षा कमी देत होते. कामे काढली नसती तर हे लोक उपाशी राहिले असते, ही त्यामागची भूमिका होती. म्हणजे शब्दशः आपलीच. न्यायालयाने ती मानली नाही. लोकांच्या असहायतेचा फायदा घेऊन त्यांच्याकडून कमी दरात काम करून घेता येणार नाही, असे ठरले.

आमच्या शहादा-तळोद्याकडे हा वाद न्यायालयाआधी शेतात झाला. १९७० नंतरच्या त्या दोन-चार वर्षांत आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज आणि मजुरांची श्रमिक संघटना यांनी जे प्रश्न उचलले, त्यांत सालदारांची मजुरी होती आणि कर्जापायी हातातून गेलेल्या आदिवासींच्या जमिनी होत्या. त्यातली कितीतरी जमीन बळजबरीने गेली नव्हती. अंगठा उठवून, म्हणजे संमतीनेच गेली होती. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राला १९७४ मध्ये करावा लागला, तो अशा संमतीवर विसंबून राहता येत नाही हे कळल्यावरच.

कोरडवाहू (पारोळा)

वरच्या दोन्ही उत्तरांतले आकडे आणि कलमे मला मान्य आहेत, तरीही ती वाचून एक प्रकारची चीड येते. हा सारा हिशेब साखळीच्या शेवटच्या कडीपाशी येऊन का थांबतो?

माझा कापूस दिवाळीआधीच खेडा खरेदीत जातो, कारण खतांच्या दुकानाची उधारी तेव्हाच फेडायची असते. व्यापारी दारात येतो, ओलावा जास्त आहे म्हणतो, काटा त्याचा आणि कटती, म्हणजे वजनातली कपात, तीही त्याचीच. हमीभावाचे केंद्र उघडेपर्यंत थांबायची ऐपत ज्याची आहे त्याला तो दर मिळतो; माझी ऐपत नाही हे व्यापाऱ्याला माझ्या ओट्यावर बसल्या बसल्या कळते. तापीकाठ भाऊंच्या केळीचेही तेच. घड तयार झाल्यावर बाग थांबत नाही, आणि जाहीर झालेला भाव व प्रत्यक्ष हातात पडणारा भाव यांतले अंतर रावेर-यावलकडच्या कोणालाही विचारावे. माझाही होकार असतो आणि न विकण्यापेक्षा विकण्यात माझाही फायदा असतो. मग मी शोषित आहे की शोषक? सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा?

दुसरे असे की नीतीचा सारा भार आपण देणाऱ्यावरच टाकलात तर शहाणा माणूस देणेच बंद करील. दुष्काळी कामांवर सरकारला ऐकवणे सोपे आहे, कारण सरकार काम काढणे थांबवू शकत नाही. शेतकरी थांबवू शकतो. मग ती कुटुंबे मुकादमाकडे जातील किंवा सुरतेत उधना-लिंबायतच्या चाळींत जातील, आणि येथे सर्वांचे हात स्वच्छ राहतील. वीस वर्षांत आमच्या गल्लीतली निम्मी घरे सुरतेला गेली. तिथल्या मागावर बारा तास उभे राहणाऱ्यांची चर्चा करायला मात्र कोणाला सवड नसते.

अमळनेरी

कोरडवाहू यांचा पहिला प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर, मला वाटते, दोन्ही असे आहे. शोषक किंवा शोषित हे माणसाचे कायमचे बिरुद नसते, ते एकेका व्यवहाराचे वर्णन असते. व्यापाऱ्याने तुमच्या उधारीचा फायदा घेतला म्हणून त्याची भरपाई वेचणाऱ्या बाईकडून करून घ्यायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. मात्र तुमच्या हातात देण्यासारखे किती उरते हे ठरवताना व्यापाऱ्याने काय नेले तेही धरावे लागेल. ज्याला खरोखरच परवडत नाही त्याचा दोष कमी. चोपड्याच्या बागायतीला ही सवलत पारोळ्याच्या कोरडवाहूइतकी लागू पडेल असे मला वाटत नाही, हे तापीकाठ यांनी राग न मानता ऐकावे.

आता मूळ प्रश्न. काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे करणारा व्यवहार वाईट कसा, या कोड्यापुढे मी बराच काळ अडलो होतो, कारण ते वरवर बिनतोड आहे. त्यात एक तुलना हळूच आत सरकवलेली आहे. आपण उचल देण्याची तुलना उचल न देण्याशी करता. पण त्या दिवशी आपल्यापुढे दोनच वाटा नव्हत्या. उचल देऊन पूर्ण दर देणे ही तिसरी वाट होती, आणि त्यातही आपला फायदा होता. वेचणीच्या ऐन हंगामात, जेव्हा साऱ्या शिवारात माणसे मिळेनाशी होतात आणि फुटलेला कापूस पावसाच्या भीतीने रोज मनावर जड होतो, तेव्हा हक्काचे एक कुटुंब पहिल्या दिवशी शेतात हजर असणे याची किंमत आपण कधी मोजली आहे का? ती हमी हाच उचलीचा मोबदला आहे. त्यावर पुन्हा तीन रुपये कापून घेता येतात ते केवळ समोरच्याला नाही म्हणता येत नाही म्हणून. फायद्यात दोघेही आहेत, पण फायद्याची वाटणी कोणाची अडचण किती मोठी यावरून ठरली. फायदा झाला हे खरे असूनही शोषण झाले हेही खरे असू शकते, ते एवढ्यासाठी.

बुडत्याला दोर टाकणाऱ्याने आधी त्याचे शेत लिहून घेतले, तर बुडता वाचतो आणि वाचल्याचे त्याला समाधानही असते. तरीही आपण त्या सौद्याला सौदा म्हणत नाही. काठावर नुसता उभा राहिलेला माणूस मात्र त्याहून चांगला ठरत नाही. आपल्या शेजाऱ्याला गाव सरळ म्हणते, कारण त्याचा दर सरळ आहे. भाद्रपदात त्याचे दार बंद असते याची नोंद गावाने ठेवलेली नाही. ती ठेवायला हवी होती. म्हणून आपली त्याच्याविषयीची तक्रार मला योग्य वाटते, फक्त तिने आपला दर योग्य ठरत नाही. दोन माणसांच्या दोन वेगळ्या उणिवा आहेत.

जाता जाता आमच्या गावाचे सांगतो. येथे प्रताप शेठांची कापडगिरणी होती आणि १९१६ मध्ये त्यांनीच तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. त्याच गावात साने गुरुजींनी गिरणी कामगारांचे प्रश्न हाती घेतले. कोणाचे औदार्य खरे मानूनही त्याने दिलेल्या मजुरीविषयी वेगळा प्रश्न विचारता येतो, हे आम्हा अमळनेरकरांना नवीन नाही.

कोरडवाहू यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मजुराच्या नकाराला जोर येतो तो त्याच्या हाती दुसरे काय आहे त्यावरून. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला तो ह्याचसाठी. पण ती कामे भर पावसाळ्यात फारशी निघत नाहीत आणि उचल नेमकी तेव्हा लागते. आदिवासी विकास महामंडळाचे खावटी कर्ज त्याच पोकळीसाठी होते. ती पोकळी जोवर आहे तोवर ती कोणीतरी भरणार, आणि भरणारा आपला दर लावणार.

पाड्यावरची (धडगाव)

मी अक्राणीतली आहे, आता शिक्षिका आहे. माझ्या आईवडिलांनी अशी उचल अनेक वर्षे घेतली, वेचणीचीही आणि उसाचीही. म्हणून येथे न आलेल्या दोन गोष्टी लिहिते.

आपण सर्वांनी संमतीची चर्चा केलीत, पण संमती दिली कोणी? उचल मागायला वडील जात. वेचायला आई जाई आणि शाळा नसलेल्या दिवशी, पुष्कळदा असलेल्या दिवशीही, आम्ही बहिणी जात असू. वेचणी हे बहुतेक बायकांचे काम आहे. दहा हजार कुठे खर्च झाले हे आईला अर्धवटच माहीत असे. बोंडांतून चौदाशे किलो कापूस काढताना बोटे तिची चिरत. उसाच्या टोळीत निदान नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, त्यामुळे बाई हिशेबात असते, जरी पैसे तिच्या हाती येत नसले तरी. येथे ती हिशेबातही नाही. तापीकाठ दादा, आपण ज्याचा होकार ऐकता आणि ज्याच्याकडून काम घेता ती माणसे एक नाहीत.

दुसरी गोष्ट वहीची. कमी दराने आमचे नुकसान झाले हे खरे, पण आई-वडिलांना भीती दराची वाटत नसे; ती बाकीची वाटे. वजन काट्यावर मालक करी, वहीत मालक लिही, आणि किती फिटले ते शेवटच्या दिवशी कळे. घरी तान्हे मूल तापाने फणफणत असतानाही उठून जाता येत नसे, कारण फेड अजून चालू आहे की संपली हे आम्हाला ठाऊकच नसे. त्या मालकाने आम्हाला कधी वाकडा शब्द बोलला नाही, हेही सांगते. अडचणीला तोच उभा राही. म्हणून वडील त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

मात्र आम्ही मुकादमाकडे गेलो असतो, म्हणून आपली अट बरी, हे कृपा करून आम्हाला सांगू नये. आमच्यासाठी वाईट आणि अधिक वाईट यांच्यातली निवड आम्ही केली. त्यातले वाईट आपण ठरवले होते.

तापीकाठ (चोपडा तालुका)

सर्वांचे वाचले. ४,३०० चा आकडा मी स्वतः तीन वेळा मांडून पाहिला, तो बरोबर आहे. शिक्षिका ताईंच्या पहिल्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. उचल कोणाला आणि वेचणी कोणाची हे मी आजवर वेगळे करून पाहिलेच नव्हते, कारण आमच्याकडे सर्वच असे करतात.

अमळनेरी यांची तिसरी वाट मला अर्धी पटते. अर्धी यासाठी की हमीला किंमत आहे हे खरे असले तरी ती हमी कागदावर कुठेच नाही. पूर्ण दर दिला आणि शेजाऱ्याने अकरा रुपये सांगितले तर ते कुटुंब त्याच्याकडे जाईल, माझे दहा हजार अडकतील आणि कापूसही झाडावर राहील. त्यांना थांबवू गेलो तर शहाद्याच्या भाऊंनी सांगितलेल्या १९७६ च्या कायद्यात बसतो. उघड व्याज लावावे म्हटले तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना नसताना सावकारी केल्याचा ठपका येऊ शकतो. म्हणजे दर कमी लावला तर शोषण, व्याज लावले तर अवैध सावकारी आणि काहीच लावले नाही तर मूर्खपणा. या तिघांतून वाट कोणती?

हिशेबनीस (धुळे)

तिसऱ्याला मूर्खपणा म्हणण्याआधी त्याचा खर्च काढू. दहा हजार तीन महिने बिनव्याजी दिल्यास, तीच रक्कम बँकेत ठेवून जे मिळाले असते तेवढेच आपले जाते. वर्षाला सात टक्के धरले तरी १७५ रुपये. ऐन हंगामात चार दिवस माणसे न मिळाल्याने भिजलेल्या आणि पिवळ्या पडलेल्या कापसाची प्रत घसरते, तेव्हा एका क्विंटलमागे याहून जास्त जाते.

शेजाऱ्याने अकरा सांगितले तर आपणही अकरा द्यावेत, कारण चालू दर याचा अर्थ तोच. तरीही कुटुंब गेले तर त्याला अडवू नये. उचल हे साधे येणे म्हणून वहीत राहील आणि पुढच्या श्रावणात त्या घराला द्यायचे की नाही हे ठरवायला आपण मोकळे आहात. सारेच जातील असे मला वाटत नाही. पूर्ण दर आणि भाद्रपदात उघडे दार ही दोन्ही एकाच बांधावर मिळत असतील तर माणूस सहसा तो बांध सोडत नाही. काही जण बुडवतील. पाच कुटुंबांतले एक संपूर्ण बुडाले तरी, चार जणांकडून आजवर एकेका हंगामात कापून घेतलेल्या १७,२०० पेक्षा ते दहा हजार कमीच आहेत, एवढे लक्षात असू द्यावे.

आणि फेड रोजच्या रोज, वेचणाऱ्या बाईच्या देखत मोजून, तिच्या हाती राहणाऱ्या दुसऱ्या वहीत लिहावी. रोजच्या मजुरीतली निम्मी फेडीला वळती करावी आणि निम्मी रोख तिच्याच हातात द्यावी. सगळी वळती केली तर घरखर्चासाठी कार्तिकातच पुन्हा उचल मागावी लागते, आणि बाकी वाढते ती तिथूनच.